हाका कोण घालतंय?

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला, २८ सेकंदांचा. चार पोरं, डोक्याला हेडलाईट बांधलेले, एकाने ससा मागच्या पायांना धरून उलटा लटकवलाय, दुसऱ्याच्या हातात दोन तितर, मागे धाडधाड गाणं आणि वर 'रानातले किंग' अशी चमकती अक्षरं. कधीचा, कुठला, काही पत्ता नाही, पाठवणाऱ्याने 'आपल्या सिन्नरकडचा आहे बहुतेक' एवढंच लिहिलेलं. तासाभरात दीडशे मेसेज. एक तट म्हणे या पोरांना उचला, तोंडं स्वच्छ दिसतायत, वनखात्याला टॅग करा, मोबाईल आहे म्हणून निदान हे उघडं तरी पडतंय. दुसरा तट म्हणे मोबाईलनेच नासवलंय सगळं, पूर्वी गावात दोन-चार हौशी असायचे, आता रील बघून गल्लीतलं पोरगं गलोल घेऊन निघतंय, रील्सवरच बंदी घाला. मधेच एकाने 'आमचे बापजादे खात होते तेव्हा कुठे होता तुमचा कायदा' असा बार टाकला आणि मग भांडण जातीवर गेलं, मग पक्षावर, मग ग्रुप सोडण्यावर, नेहमीसारखं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे सगळे चुकीच्या शिकारीवरून भांडतायत. जुन्या शिकारीत दोन पार्ट्या असायच्या, एक माचाणावर बंदूक घेऊन बसलेला साहेब किंवा राजा, आणि दुसरी रान ढवळत, डबे-ढोल बडवत, आरोळ्या ठोकत जनावर त्याच्याकडे रेटत आणणारी शे-दोनशे माणसं. त्यांना हाकारे म्हणायचे आणि त्या प्रकाराला हाका घालणं. फोटोत साहेब यायचा, हाकारे कधीच नाही. सोशल मीडियाने हे उलटं केलंय असं मला वाटतं. माचाण रिकामं आहे, बंदूक बऱ्याचदा नाहीच, पण हाका जोरात चालू आहे, हजारोंनी, आणि त्यात तुम्ही-मी सगळे आहोत. सशावाल्या पोरांवर दीडशे मेसेज टाकणारा हाच आमचा ग्रुप नाशिकच्या गंगापूर रोडला बिबट्या आला की 'कुठे आहे नक्की, लोकेशन टाक ना' म्हणत गाड्या काढतो. त्याला कोणी शिकार म्हणत नाही.

आता पहिल्या तटाचं जे खरं आहे ते कबूल करतो, कारण ते थोडंथोडकं नाहीये. मोबाईलमुळे पुरावा मिळतो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी कोंडलं, ते पर्यटकांनीच काढलेल्या व्हिडिओतून बाहेर आलं, ड्रायव्हर-गाईडवर कारवाई झाली आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. व्हिडिओ नसता तर एखाद्याने घरी जाऊन 'भारी सायटिंग झालं' एवढंच सांगितलं असतं. आणि शिकारी लोकही काही कमी येडे नसतात, मारलेल्या जनावराशेजारी बसून स्वतःच स्टेटस ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी वनखातं दारात उभं राहतं. हे चांगलंच आहे, मी कशाला नाही म्हणू?

पण यातून पकडला जातो कोण? जो दाखवतो तो. जो दाखवत नाही त्याचं काय? ज्याच्या मागे धंदा आहे तो 'रानातले किंग' लिहून व्हिडिओ टाकत बसत नाही. मांडूळ घ्या. काहीही विष नसलेला, मातीत राहणारा बिचारा साप, पण त्याला दुतोंड्या म्हणायचं, त्याने पैशाचा पाऊस पडतो अशी हवा करायची आणि लाखांच्या गप्पा मारायच्या. वजनकाट्यावर ठेवलेल्या मांडुळाचे व्हिडिओ फोनाफोनी फिरतात पण ते ग्रुपवर नाही, या हातातून त्या हातात, चार दलालांच्या मधे. खवल्या मांजराचं तेच. २०१७ मधे तर एक भलतंच बाहेर आलं, ऑनलाईन दुकानांमधून 'हत्ताजोडी' नावाची दुर्मिळ वनस्पतीची मुळी विकली जात होती, देव्हाऱ्यात ठेवायला, लक्ष्मी येते म्हणे, आणि तपासणी केली तर ती मुळी नव्हतीच, घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग होतं. लोक त्याला कुंकू वाहत होते! त्या खरेदीला किती लाईक होते? शून्य, कारण ती शिकार आहे हे विकत घेणाऱ्यालाच माहीत नव्हतं. ऑनलाईन संतापाला फक्त रक्त दिसतं, बिल दिसत नाही. ससावाला सापडतो आणि घोरपडीचा ठोक व्यापारी आरामात झोपतो, याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आता ससावाला संन्यासी आहे असं माझं म्हणणं नाही, ससासुद्धा कायद्याने संरक्षित आहे आणि त्या पोरांवर गुन्हा दाखल झाला तर मी रडत बसणार नाही.

दुसऱ्या तटाचं म्हणणं, की रीलमुळेच हे फॅड आलं, तेही सपशेल खोटं नाही. कौतुक मिळतंय म्हटल्यावर माणूस काहीपण करतो. पण मिरवण्यासाठी शिकार हे काय मोबाईलने शोधून काढलं का? पाचवा जॉर्ज राजा १९११ च्या दिल्ली दरबारानंतर नेपाळच्या तराईत गेला आणि दहा-अकरा दिवसांत त्याने आणि त्याच्या लवाजम्याने ३९ वाघ मारले. त्या शिकारीचे फोटो आजही बघायला मिळतात. व्हाईसरॉय आला की संस्थानिक त्याला वाघ 'द्यायचे', पायाशी वाघ, बाजूला मेमसाहेब, क्लिक. आपल्या कोल्हापूरला चित्ते पाळून काळविटांवर सोडायचे, त्यासाठी चित्तेवान असायचे, त्याचेही फोटो आहेत. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट १९४७ ची. कोरियाच्या महाराजांनी, म्हंजे आताच्या छत्तीसगडमधलं कोरिया संस्थान, रात्री गाडीतून जाताना दिव्याच्या उजेडात तीन चित्ते मारले. देशातले शेवटचे म्हणून ज्यांचा दाखला दिला जातो ते हेच. आणि मारून गप्प बसले नाहीत, त्यांच्या सेक्रेटरीने फोटोसकट हकीगत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलला पाठवली, कौतुकाने! संपादकांनी ती छापली पण खाली टीप टाकली की हे वाचून आम्हाला इतकी किळस आली की केराच्या टोपलीत टाकणार होतो, छापतोय ते दोषारोप म्हणून, शाबासकी म्हणून नाही. पोस्टही होती आणि कमेंटही होती, फक्त पोचायला काही महिने लागले. त्या टीपेने चित्ते काही वाचले नाहीत, १९५२ मधे सरकारनेच ते संपले म्हणून जाहीर केलं.

मग नवीन काय झालं? माझ्या मते दोन गोष्टी. मिरवायचा जो मान राजा-साहेबाला होता तो आता हेडलाईटवाल्या पोराला मिळाला. त्या पोरावर आपण जितके तुटून पडतो त्याच्या पावपट तरी आपण कुठल्या जुन्या बंगल्याच्या भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या वाघाकडे बघून चिडतो का? तिथे तर आपण सेल्फी काढतो. आणि दुसरी गोष्ट समजायला मला माझा मामा आठवावा लागतो. मामाचं गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या काठी. मामा तरुणपणी ससे धरायला जायचा, वाघर लावून. वाघर म्हंजे जाळं, रानाच्या कडेला खुंट्यांवर ताणायचं आणि दोघा-तिघांनी पलीकडून ओरडत यायचं. मामा सांगायचा की एक ससा म्हंजे सहा वाटे, ज्याची वाघर त्याला एक वाटा जास्त, कुत्र्याला आतडी, आणि आजारी-बाळंतीण कोणाच्या घरात असेल तर त्यांचं आधी. शिकारीच्या गोष्टी तोही तिखटमीठ लावून सांगायचा पण त्या ओट्यावर, ज्यांनी त्यातला वाटा खाल्ला त्यांच्यातच. आता वाटे पडत नाहीत, शेअर पडतात. व्हिडिओतल्या त्या चौघांना सशाची भूक होती असं मला एक क्षण पण वाटलं नाही, हॉटेलात बसून मटण-भाकरी खाण्याएवढे पैसे त्यांच्या हेडलाईटला लागले असणार. भुकेला मर्यादा असते, सहा वाटे पडले की विषय संपतो. व्ह्यूजना कुठली मर्यादा?

इथे मामाची शिकार चांगली आणि पोरांची वाईट असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो, तर नाही. परंपरेच्या नावाने जो बार आमच्या ग्रुपमधल्या मित्राने टाकला त्याचं उत्तर द्यायला पाहिजे. १९७२ म्हटलं की आपल्याकडे कोणालाही दुष्काळच आठवतो, खडी फोडणं, सुकडी, लाल मिलो ज्वारी. त्याच वर्षी संसदेत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. ज्या साली माणसाला खायला नव्हतं त्या साली सशाला संरक्षण मिळालं असं कोणी कडवटपणे म्हटलं तर मला त्याचा राग येत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडचे कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या जगण्यात पारध होती आणि त्याच लोकांत दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पण असते, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, आमच्या गुराढोरांना सांभाळ म्हणून. रानात राहून वाघाची भीती आणि आदर एकत्र बाळगायचं हे गणित शहरातल्या प्राणिप्रेमीला एका रीलमधे कळणार नाही. आणि फासेपारध्यांचं तर काय बोलावं, इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जातीच्या जाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, पारध्यांवरही तो शिक्का बसला आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ मधे तो कायद्यातून पुसला. पण त्या व्हिडिओखाली आमच्याच एका शिकल्या-सवरल्या मित्राने 'पारधी दिसतायत साले' असं लिहिलं. कशावरून? पोरांच्या पायात ब्रँडेड बूट होते. साहेबाची शिकार म्हंजे शौर्य आणि पारध्याची शिकार म्हंजे चोरी, ही फाळणी दीडशे वर्षांपूर्वीची, फक्त आता मोबाईलवर टाईप होते.

तरीपण परंपरेचा बचाव मला पुरा पटत नाही. एकतर रान उरलं नाही. मामाच्या गावात जिथे वाघर लागायची तिथे आता द्राक्षबागा, ड्रीप आणि तारेचं कुंपण आहे, सहा वाट्यांचा हिशोब ज्या सशांवर चालायचा ते ससेच कुठे दिसत नाहीत. दुसरं म्हंजे डुकरासाठी बांधावर लावलेला तारेचा फास हा फास आहे, त्याला परंपरा वाचता येत नाही, त्यात बिबट्याही अडकतो, कोल्हाही अडकतो आणि शेजाऱ्याचं वासरूही. पिठाच्या गोळ्यात स्फोटाची दारू भरून ठेवतात त्याने तर गावाच्या कुत्र्यांची तोंडं फाटलेली मी बघितलीयेत. परंपरा, परंपरा म्हणत असताना हातात चायनाची थर्मल दुर्बीण असेल तर जरा लाज वाटायला पाहिजे.

पण मूळ मुद्दा हाक्याचा, तो पुढे नेतो. २०१९ च्या जानेवारीत गंगापूर रोडच्या सावरकरनगरमधे बिबट्या शिरला होता, नाशिककरांना आठवत असेल. बंगल्यांच्या कंपाउंडवरून उड्या मारत तो पळत होता आणि त्याच्या मागे-पुढे-वर गच्चीत सगळीकडे माणसं. जखमींमधे नगरसेवक होता आणि पत्रकारही होते, म्हंजे बघायला आणि दाखवायला गेलेली माणसं. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच परिसरात पुन्हा बिबट्या आला, पुन्हा माणसं जखमी झाली, त्यात वनखात्याची माणसंही होती. मी दुसऱ्या वेळेला एका मित्राकडे होतो, बऱ्यापैकी जवळ. खाली उतरलो नाही पण गच्चीत गेलो, फोन घेऊन, खोटं कशाला बोलू. जे दिसलं ते असं, बिबट्या दिसलाच नाही, फक्त माणसं दिसली, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत धावणारी, शिट्ट्या मारणारी, 'इकडे-इकडे' ओरडणारी, हात वर करून मोबाईल धरलेली. आणि मला एकदम मामाची वाघर आठवली. दोघा-तिघांनी पलीकडून ओरडत यायचं.

बिबट्याला बेशुद्ध करायचं म्हंजे काय असतं ते जरा समजून घ्या. बंदुकीतून इंजेक्शन मारायचं, ते मांसल भागात बसायला पाहिजे, त्यासाठी जनावर काही क्षण स्थिर पाहिजे. लागलं तरी तो लगेच आडवा होत नाही, मधे काही मिनिटं जातात, आणि बिथरलेल्या, धावून तापलेल्या जनावरावर औषध धड चालत नाही. त्या काही मिनिटांत त्याला एक कोपरा पाहिजे, अंधार पाहिजे, शांतता पाहिजे. आपण त्याला काय देतो? चारी बाजूंनी आवाज. तो शांत बसला असता, रात्र झाल्यावर आला तसा नदीच्या कडेने निघून गेला असता, पण त्याला आपण गल्लीगल्लीतून रेटत नेतो आणि मग तो समोर आलेल्या माणसाला फाडतो आणि मग आपणच म्हणतो बिबट्या पिसाळला. १९७२ च्या कायद्यात शिकारीची व्याख्या एकदा वाचून बघा. मारणं आणि विष घालणं तर आहेच, पण पकडणं, फासात धरणं, आमिष लावणं आणि जनावराला हाकलत नेणं, यांचा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. माझा एक वकील मित्र म्हणाला की बघ्यांच्या गर्दीला हे कलम लावलं तर कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही, त्यांचा हेतू कुठे सिद्ध करणार. बरोबर आहे त्याचं. हाकाऱ्यांचा हेतू कधीच नसतो, हेतू माचाणावर बसलेला असतो. पण इथे माचाणावर कोण आहे? कोणीच नाही. एवढा मोठा हाका आणि जनावर नेमकं कोणासमोर आणून उभं करायचंय हे एकालाही माहीत नाही.

आणि आता हाक्याला प्रत्यक्ष जायची पण गरज राहिली नाही. एआयने बनवलेले बिबट्याचे फोटो फिरतात, सोसायटीच्या गेटवर बसलेला, शाळेच्या भिंतीवर उभा. अशा एका फोटोवरून पोरं शाळेत पाठवायची थांबतात, वनखात्याची माणसं रात्रभर रिकाम्या गल्ल्या हुंगत बसतात आणि दुसऱ्या दिवशी मागणी सुरू, पिंजरा लावा, पिंजरा लावा. पुढाऱ्याला पण सोपं पडतं, पिंजऱ्यासोबत फोटो निघतो. पण पिंजरा लावला की त्यात जो येईल तो बिबट्या अडकतो, दोषी असेलच असं नाही, आणि मग त्याला नेऊन कुठेतरी सोडायचं. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मधे मांडलं होतं की जुन्नर भागात मोठ्या संख्येने बिबटे पकडून हलवायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी नाही झाले, वाढले. आणि त्यांचाच दुसरा अभ्यास आपल्या शेजारच्या अकोल्यातला (नगरकडचं अकोले, विदर्भातलं अकोला नाही), ऊस आणि वस्तीच्या मधोमध १०० चौरस किलोमीटरला ५ च्या आसपास मोठे बिबटे, आणि तरी अभ्यासाच्या काळात माणूस मेला नाही. जनावर आहे तिथे ओळखीच्या वाटांवर राहिलं तर बऱ्याचदा निभतं. ढवळलं की बिघडतं. मग सोशल मीडियाच्या दबावाने लागलेला प्रत्येक पिंजरा हा संरक्षण आहे की सुबक दिसणारा फास आहे?

इथपर्यंत वाचून निफाड-सिन्नरकडचे माझे नातेवाईक माझं काय करतील ते मला माहितीये. ते म्हणतील तू गच्चीत उभं राहून बोलतो, आमचं पोरगं अंगणात खेळतं आणि दहा फुटांवर ऊस आहे. शेतीची लाईट रात्री येते म्हणून बाप मध्यरात्री मोटार चालू करायला जातो आणि आई तो परत येईस्तोवर जागी असते. २०२० मधे दारणाकाठच्या गावांत लागोपाठ माणसं गेली, तेव्हा तुमचा प्राणिप्रेमी ग्रुप कुठे होता? सरकार माणूस गेल्यावर २५ लाख देतं पण माणूस देत नाही. या सगळ्या वादातला सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे आणि त्याला 'बिबट्याच्या घरात आपण गेलो' असलं गुळगुळीत उत्तर देणारा माणूस मला चीड आणतो. पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीच्या वेळी हेच झालं. २०१८, १३ माणसं मारल्याचा ठपका, मुंबई-दिल्लीत तिला वाचवण्यासाठी हॅशटॅग आणि मोर्चे, आणि तिकडे कापसाच्या शेतात जायला घाबरणाऱ्या बायका. नोव्हेंबरात तिला रात्री गोळी घातली गेली त्यात नियम पाळले का यावर मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच पाहिजे होता. पण मला सांगा, वाघिणीचं नाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे, त्या तेरातलं एक तरी नाव येतं का? मला पण नाही येत. २०१५ मधे झिम्बाब्वेत एका अमेरिकन डेंटिस्टने सेसिल नावाचा सिंह मारला, सगळं जग पेटलं, विमान कंपन्यांनी शिकारीच्या ट्रॉफ्या न्यायचं बंद केलं, आणि तेव्हा तिथल्याच एका विद्यार्थ्याने अमेरिकन पेपरात लिहिलं की सिंह मेला ऐकून मला बरं वाटलं, आमच्या गावात सिंह म्हंजे प्रेमाचं पात्र नसतं, भीती असते. नाव असलेल्या जनावरासाठी जग रडतं, बिननावाच्या माणसासाठी नाही आणि खरं सांगायचं तर बिननावाच्या जनावरासाठीही नाही.

पण नातेवाईकांचा हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो का? मला तर उलट वाटतं. हाक्याची किंमत मोजतो कोण? शहरातल्या गल्लीत ढवळलेला, घाबरलेला बिबट्या जातो कुठे? नदीकाठच्या मळ्यातच ना. माझ्या मामेभावाच्या वस्तीवर १९ घरांचा एक ग्रुप आहे, त्यात फोटो टाकायला बंदी आहे, अशी बंदी त्यांनीच घातलीये. फक्त एवढंच लिहायचं, 'पाटाच्या पुलाजवळ, पावणेआठ, गावाकडे तोंड.' संपलं. कोणी हात जोडलेले इमोजी पण टाकत नाही. लोक शेळ्या आत घेतात, पोरांना हाक मारतात, दोघं बॅटरी घेऊन म्हाताऱ्याला आणायला जातात. तोच फोन, तेच ॲप. त्या मेसेजला व्हायरल व्हायची सोय नाही कारण बाहेरच्या माणसाला त्यातला पाटाचा पूल कुठला तेच माहीत नाही. म्हणून रील्सवर बंदी वगैरे मागणाऱ्या माझ्या मित्रांना मी म्हणतो की बाबांनो मोबाईल बंद करून सिन्नरच्या म्हातारीच्या शेळ्या वाचणार नाहीत, तुम्हाला नको असलेली गोष्ट मोबाईल नाही, प्रेक्षक आहे.

आणि प्रेक्षकात मी आहे हे सांगितल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक होईल. चार वर्षांपूर्वी येवल्याकडच्या माळरानात काळवीट बघायला गेलो होतो, ममदापूरच्या बाजूला, परत येताना एका ओढ्याच्या कडेला लांडग्याची पिल्लं दिसली, तीन, बिळाच्या तोंडाशी उन्हात लोळत होती. आयुष्यात एकदा दिसणारी गोष्ट. बंदूक नाही, फास नाही, फक्त एक कॅमेरा, आपल्यासारखा निष्पाप माणूस कोण! फोटो टाकला, जागेचं नाव टाकलं नाही, एवढी अक्कल होती. पण फोटोत मागे एक देऊळ आणि पाण्याची टाकी आली होती आणि हौशी लोकांना तेवढं पुरतं. पुढच्या रविवारी तिथे अकरा गाड्या होत्या असं मला तिथल्या मेंढपाळाने सांगितलं. एकाने म्हणे पिल्लं बाहेर यावीत म्हणून बिळापाशी चिकन टाकलं. त्यानंतर मादीने पिल्लं हलवली, कुठे ते कोणालाच माहीत नाही, आणि मेंढपाळ मला म्हणाला, "भाऊ, आम्ही तिला दगड मारतो, ती आमच्या मेंढ्या नेते, आमचं वैर आहे. पण तिच्या घरी नाही जात आम्ही." मला या माणसाला उत्तर देता आलं नाही. त्या अकरा गाड्यांत नांदूर मध्यमेश्वरला दर थंडीत फ्लेमिंगोसाठी पहाटे उठून जाणारे, त्या पाणथळाला रामसर हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणारे लोक असणार, पक्की खात्री आहे मला, कारण माझे फॉलोअर तेच आहेत. त्यांच्यातला एकही स्वतःला शिकारी म्हणणार नाही, हेडलाईटवाल्या पोराचा व्हिडिओ त्यांनी नक्की रिपोर्ट केला असेल.

एक जण मला म्हणाला की तू सगळ्यांनाच दोषी ठरवतोस म्हंजे कोणीच दोषी नाही. मुद्दा बरोबर आहे, सगळ्यांनी मिळून केलेल्या गुन्ह्याला आरोपी नसतो. पण १९९८ चं जोधपूरजवळचं काळवीट प्रकरण आठवा. कुठल्याच खिशात कॅमेऱ्याचा फोन नव्हता, व्हिडिओ नव्हता, रात्री गोळीचा आवाज ऐकून धावत गेलेले गावातले बिश्नोई होते, त्यांनी पाहिलं, सांगितलं आणि वीस-वीस वर्षं कोर्टात उभं राहून तेच सांगत राहिले. बघणारे तेही होते आणि बघणारे आम्हीही. त्यांनी जे पाहिलं त्याची साक्ष दिली, आम्ही जे पाहिलं त्याची स्टोरी टाकली, ती चोवीस तासांनी आपोआप उडाली.

हे सगळं मी थोडक्यात ग्रुपवर लिहिलं होतं, तीन भागांत, चहा थंड करून. चार अंगठे आले, एकाने 'लेख चांगला पण लांब' म्हटलं, सशावाल्या व्हिडिओचं पुढे काय झालं ते कोणीच सांगितलं नाही, बहुतेक तो आपल्याकडचा नव्हताच. मग परवा रात्री सव्वानऊला ग्रुपवर एक काळपट, हलणारा व्हिडिओ आला, 'पाथर्डी फाट्याजवळ बिबट्या, आत्ताचा'. खरा की बनवलेला ते कळत नव्हतं. सहा मिनिटांत तिघांनी लिहिलं, 'निघालो'. त्यातला एक तो होता ज्याने चार अंगठ्यांतला पहिला दिला होता. मी तो व्हिडिओ आवाज बंद करून दोनदा बघितला, मग झूम करून तिसऱ्यांदा.